मान खाली

खांदा धरलाय मार्चपासून.
हात कानापर्यंत जातो, त्यापुढे नाही.
डॉक्टर म्हणाली, दीड वर्ष, कधी दोन,
आणि व्यायामाचा एक कागद दिला.
त्यात एक बाई भिंतीवर बोटं चालवतेय.
तीन महिने मी नुसता चाप लावून काढले.

आज सकाळी, सहा पस्तीसला,
डंडीतल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात
ऋजुता खुर्ची ओढून म्हणाली, बस.
(शाळेत तिची केव्हाच ‘रूज’ झालीय.)
मी बसले फरशीवर, खाली उशी घेऊन.
तिचे गुडघे माझ्या खांद्यांना दोन्हीकडून.

कालपर्यंत हे उलटं होतं.
कालपर्यंत म्हणजे चार वर्षांमागे.
बाराव्या वर्षी तिनं वेणी कापली
बाथरूममध्ये, कोथिंबिरीच्या कात्रीनं,
आणि मी आठवडाभर तिच्याशी
‘डबा घेतलास का’ एवढंच बोलले.

“मान खाली,” ती म्हणते.
मी घालते.
“हलू नकोस.”
मराठी तिची एवढ्याच इलाख्यातली.
भांडण, गणित, मैत्रिणी, सगळं डंडीच्या बोलीत,
पण मान खाली, हलू नकोस, पेड, गुंता,
थांब गं जरा, झालं झालं,
हे तिला दुसऱ्या कुठल्याच भाषेत येत नाही.
आणि सूर? सूर माझाच.
म्हणजे माझ्या आईचा, कराडचा, खडीसाखर न घातलेला.
इतकं रागावून बोलत होतो का आम्ही?

आरशासमोर आम्ही कधीच बसलो नाही.
तोंड दिसलं की बोलणं अडतं.
या फरशीवर, समोरच्या ओव्हनच्या काचेला
पाठमोऱ्या मुलीनं काय काय सांगितलं होतं:
कर्स्टी आता दुसऱ्या बाकावर बसते,
तेलाच्या वासाला मुलं नाक धरतात,
बहुतेक पाळी आलीय.
मी पेडावर पेड टाकत नुसतं हं म्हणायचे.
हं म्हणायला हात गुंतलेले लागतात.

आता काचेत मी आहे, धूसर, तेलकट डागामागे.
ती फणी टोकाकडून वर नेते, हळूहळू.
मी वरून ओढायचे.
“हे पांढरे कधीपासून?”
तू कात्री घेतलीस तेव्हापासून, म्हणणार होते.
“वय झालं,” म्हटलं.

थोडा वेळ नुसती फणी.
मग तिच्या बोलीत, भराभर:
ती पालकसभेची चिठ्ठी,
प्रायमरीच्या शेवटच्या वर्षातली,
ती मी नदीत टाकली. टे नदीत, काठावरून.
तू तिथे बोलशील म्हणून.

एक पेड. दुसरा.
“माहितेय. टीचरचा फोन आला होता.”
हात थांबले.
“मग तू गप्प का बसलीस?”
“मला तरी कुठे जायचं होतं.
तीन रात्री लाँड्रीत चादरींच्या घड्या घालताना
वाक्यं जुळवत होते. जुळेचनात.
फोन ठेवला आणि चहा केला.”

ती हसली. आवाज नाही आला,
गुडघ्यांत कळलं.

फणीतली गुंतावळ (ती ‘गुंतावल’ म्हणते)
बोटाला गुंडाळून तिनं खिडकी उघडली,
थू थू थू केलं आणि सोडली खाली.
जून आहे, तरी वारा बोचरा.
खालची इसोबेल आधी ओरडायची.
परवा म्हणाली, तिच्या कुंपणातल्या रॉबिननं
घरट्यात काळे-पांढरे केस विणलेत.
पाखरानं केस नेले की डोकं दुखतं, असं आई म्हणे.
दुखू दे.

“झालं. झालं झालं.”
वेणी सैल, डावीकडे कललेली,
टोकाला शाळेच्या टायच्या रंगाचा रबर.
उठताना मी तिच्याच गुडघ्याचा आधार घेतला.
“उद्या पाच मिनिटं आधी बस,” म्हणाली,
“आत बराच गुंता आहे.”
रागावूनच म्हणाली.

हॉस्पिटलच्या लाँड्रीत दुपारी अग्न्येष्का म्हणते,
तुझं मागे काहीतरी सुटत चाललंय.
हो, म्हटलं. राहू दे.